वाड्याचं दार, कूलरचा स्टँड आणि दोन पोरांचं टेबल

प्रकरण नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातल्या एका घरातलं आहे. घरात दादा, वहिनी, एक अकरा वर्षांची पोरगी, एक आठ वर्षांचा पोरगा आणि दादाचे बाबा, ज्यांना सगळी गल्ली काकाजीच म्हणते. जिन्याखाली दोन वस्तू कित्येक वर्षांपासून जागा अडवून बसलेल्या. एक म्हणजे मोठा लोखंडी कूलर, टाकीला खालून भोकं पडलेली, पत्रा गंजलेला, सोबत त्याचा अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा) स्टँड. दुसरी म्हणजे महाल या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या वाड्याच्या दाराची दोन कवाडं. वाटण्या होऊन वाडा पाडायला निघाला तेव्हा काकाजींनी भांडून एवढंच घरी आणलं होतं, बाकी सगळं लाकूड मलब्यासोबत गेलं.

होळीच्या आसपास दादाच्या डोक्यात आलं की या दोन्हीचं मिळून डायनिंग टेबल करायचं. त्याने कुठेतरी फोटो पाहिला होता, जुनं दार, वर जाड काच, खाली लोखंडी पाय, सहा खुर्च्या, मागे पिवळा दिवा वगैरे. शनिवार-रविवारात उरकतो म्हणाला. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे म्हणून मला बोलावणं आलं, अक्कल विचारायला नाही. पण ड्रिल घेऊन गेलेला माणूस बोलणारच ना.

पहिला अडथळा सामानाचा नव्हता, काकाजींचा होता. त्यांनी कवाडं अंगणात काढलेली पाहिली, काय चाललंय विचारलं, आणि डायनिंग टेबल ऐकल्यावर भडकलेच. "त्या दाराले माझी माय रोज हळदकुंकू लावत होती, दसऱ्याले तोरण बांधत होती, अन् तुम्ही त्याच्यावर बसून तर्री सांडून राहिले का बे?" दादा म्हणे बाबा वरून काच येणार आहे, डाग पडणार नाहीत. काकाजी म्हणे काच असो की सोनं असो, उष्टं-खरकटं त्या दारावर येणार नाही म्हणजे नाही. दादाला ही कटकट वाटली, मला खरं सांगू तर तेव्हाच सुटल्यासारखं झालं, कारण काचेचा हिशोब मी मनात करूनच बसलो होतो. एक मिलीमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलोची असते, म्हणजे आठ मिलीमीटरची घेतली तर चौरस मीटरला वीस किलो. एका कवाडाचं माप जवळपास एक चौरस मीटर भरत होतं आणि त्याचं स्वतःचं वजनही तेवढंच असावं, म्हणजे वजन डबल, पैसे वेगळे, आणि घरात आठ वर्षांचा पोरगा.

तोडगा वहिनीने काढला. पोरं पलंगावर आडवी पडून अभ्यास करतात, मान मोडून घेतात, टेबल करायचंच तर त्यांच्यासाठी करा. काकाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "विद्येचं काम असन तर चालते. दसऱ्याले पुस्तकंही त्याच्यावरच मांडा पुजाले." विषय संपला. यूट्यूबवरच्या कोणत्याच व्हिडिओत सासऱ्याची परवानगी हा भाग नसतो, पण आपल्याकडे जुन्या वस्तूचं काहीतरी करायचं म्हटलं की अर्धं काम तेच असतं.

आता माप. वाड्याची दारं दोन कवाडांची असतात, त्यामुळे एकेक कवाड अरुंद. हे भरलं सहा फूट लांब, एक फूट नऊ इंच रुंद, चौकटीची जाडी दीड इंच. डायनिंगला हे माप कामाचंच नाही, समोरासमोर दोन ताटं ठेवली की मध्ये भाजीच्या भांड्याला जागा उरत नाही, आणि दोन्ही कवाडं जोडली तर मधली जाड पट्टी आडवी येते. पण भिंतीला लावून अभ्यासाला? एकवीस इंच खोली आणि सहा फूट लांबी, दोन पोरं शेजारी शेजारी मस्त बसतात. म्हणजे जे सामान फोटोसाठी चुकीचं होतं ते या कामाला एकदम बरोबर होतं. मी दादाला तेव्हाही म्हटलं, आताही म्हणतो, टेप आधी सामानाला लाव, मग काय बनवायचं ते ठरव.

मग स्टँड. आपल्याकडचा खिडकीबाहेरचा कूलरचा स्टँड सगळ्यांनी पाहिला आहे, अडीच फूट बाय अडीच फुटाचा चौकोन, चार पाय, खाली अजून एक चौकोन. दादाचं म्हणणं की यावर मोठा कूलर पाण्याने भरलेला उन्हाळाभर उभा राहतो, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, तर याला वीस किलोचं कवाड काय जड आहे, वर ठेवा आणि नटबोल्ट मारा. वजन पेलण्याचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, लोचा तोलाचा होता. सहा फुटाचं कवाड अडीच फुटाच्या स्टँडवर मधोमध ठेवलं की दोन्हीकडे एकवीस एकवीस इंच बाहेर लटकतं. कवाड आणि स्टँड मिळून पस्तीस किलो धरा, हे वजन मधोमध, म्हणजे ज्या पायांवर टेबल कलंडणार त्यांच्यापासून पंधरा इंचावर. पस्तीस गुणिले पंधरा, सव्वापाचशे. याला एकवीसने भागा, पंचवीस येतात. म्हणजे टोकावर पंचवीस किलो वजन आलं की टेबल उलटायला तयार, आणि आठ वर्षांच्या पोराचं वजन साधारण तेवढंच असतं, आणि आठ वर्षांचा पोरगा टेबलच्या टोकावर चढून बसणार नाही असं म्हणणाऱ्याने पोरगं पाहिलेलं नाही.

म्हणून स्टँड कापायचा ठरला. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर खालचा पॅरा सोडा.

स्टँडमध्ये आडव्या अँगलचे आठ तुकडे होते, वरच्या चौकोनात चार, खालच्यात चार, प्रत्येक तीस इंची. पाय छत्तीस इंची. टेबलची उंची एकोणतीस इंच पाहिजे होती, त्यातून कवाडाची दीड इंच जाडी गेली, म्हणून पाय साडेसत्तावीस इंचावर कापले. आठपैकी चार आडवे तुकडे अठरा इंचावर कापून दोन बाजूंच्या दोन फ्रेम झाल्या. उरलेल्या चार तुकड्यांतले दोन दोन टोकाला टोक लावून जोडले की पाच पाच फुटाच्या दोन लांब पट्ट्या झाल्या, सांध्याच्या मागून पायांच्या कापलेल्या तुकड्यांची भर दिली. म्हणजे दोन फ्रेम पाच फुटाच्या अंतरावर, कवाड दोन्हीकडे फक्त सहा सहा इंच बाहेर. एक लांब पट्टी मागच्या बाजूला वर, गुडघ्याला न लागणारी. दुसरी खाली, जमिनीपासून पाच-सहा इंचावर, थोडी पुढे घेऊन, कारण टेबल मोठ्यांच्या उंचीचं असलं की लहान पोराचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात, त्याला टेकवायला काहीतरी लागतं. आणि अठरा इंचावर कापताना जे बारा बारा इंचाचे चार तुकडे पडले ते कोपऱ्यांत तिरपे लावले. कूलरच्या स्टँडला हे तिरपे आधार नसतात, तो भिंतीला टेकून किंवा खिडकीला तारेने बांधून उभा असतो म्हणून चालतं. टेबल मात्र पोरं खोडरबर घासायला लागली की डावी-उजवीकडे डोलतं, तो डोल हे तिरपे तुकडेच मारतात. नवीन लोखंड एक इंचही विकत आणावं लागलं नाही.

कापणं आणि वेल्डिंग रिंग रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. दादाला तेही घरीच करायचं होतं, भाड्याने मशीन मिळते म्हणे. मिळते, पण दोन दिवसांच्या हौसेसाठी डोळ्यांशी खेळ कशाला. त्याच दुकानात दादाने कूलरचा पत्रा पुढे केला, याचा मागे पुस्तकांचा कप्पा जोडून द्या. वेल्डिंगवाला म्हणाला भाऊ हा जस्ताचा पत्रा आहे, याला मी वेल्डिंग मारत नाही, रात्री थंडी वाजून ताप येते. अगदी बरोबर माणूस. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त तापलं की त्याचा पांढरा धूर निघतो, तो नाकात गेला की काही तासांनी फ्लूसारखा ताप, अंगदुखी, हुडहुडी. एक-दोन दिवसांत उतरतो पण मुद्दाम कोण घेईल. स्टँडचा अँगल साधा लोखंडी असतो, फक्त बॉडी जस्ताची. जुन्या कूलरचं काहीही करणाऱ्याने एवढा फरक लक्षात ठेवावा. त्या पत्र्यावर ऑइल पेंट थेट मारला तरी टिकत नाही, रंगातलं तेल आणि जस्त यांचं जमत नाही, काही महिन्यांत पापुद्रे सुटतात, आधी जस्तासाठीचा वेगळा प्रायमर लागतो.

गंज काढायचं काम सोपं, फक्त हात दुखतात. तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, थिनरने पुसणं, रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वर काळा रंग. झालं.

खरा वेळ दाराने खाल्ला. वरून हिरवा ऑइल पेंट, त्याखाली निळा, त्याखाली गेरूसारखा लाल, दर लग्नकार्याला एक हात मारला असणार. दादाने ग्राइंडरला घासायची चकती लावून सुरुवात करायला घेतली होती, पोरगा बाजूला उभा राहून बघून राहिला, मी प्लगच काढला. कारण असं की जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांना कळत नाही, पिवळे, लाल, हिरवे रंग तर जास्तच संशयाचे. आणि हे शिसं लहान पोरांच्या मेंदूला सगळ्यात जास्त बाधतं, जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही. कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर, चादरीवर, तव्यावर. बरं हे टेबल कोणासाठी? पोरांसाठी. म्हणजे इथे शॉर्टकट मारण्यात काही अर्थच नव्हता.

मग पद्धत अशी. पोरं दिवसभरासाठी मामाकडे रवाना. अंगणात मोठं प्लास्टिक अंथरलं. रंग काढायचं जेल लावून थांबायचं, रंग फुगून वर आला की पट्टीने ओढायचा, नक्षीच्या खाचांत जुना टूथब्रश. उरलेलं वॉटर पेपरने ओलं ओलंच घासायचं म्हणजे धूळ उडत नाही. तोंडाला एन-९५ मास्क, ओढणी नाही. झाडू अजिबात मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. खरवडलेला रंग प्लास्टिकसकट गुंडाळून बांधला, तो जाळायचा नाही आणि कुंड्यांमध्ये तर नाहीच नाही. कपडे वेगळे धुतले. शेजारच्या काकांनी कॉस्टिक सोडा सुचवला होता, एका रात्रीत रंग उतरतो म्हणे. उतरतो, सोबत हाताची कातडीही उतरते आणि सागवान काळं पडतं.

रंगाखालून जे निघालं त्याने मात्र सगळे गप्प झाले, काकाजीसुद्धा. सोनेरी तपकिरी, रेषा सरळ. सागवान आपल्या भागाचं वैभवच आहे, आलापल्ली-बल्लारशाचं लाकूड लांबवर जातं, २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनालाही सागवान नागपूरहून गेलं होतं. एका बाजूची बोटभर कड मात्र पांढरट होती आणि तेवढीच उधईने पोखरलेली. सागवानाला कीड लागत नाही म्हणतात ते आतल्या गाभ्याबद्दल खरं आहे, त्यात नैसर्गिक तेल आणि किडीला न मानवणारे घटक असतात. सालीजवळचं पांढरं लाकूड कोणतीही कीड आवडीने खाते. ती कड कापली आणि तिथे जुन्या सागवानाच्या एका मोडक्या तुकड्यातून काढलेली पट्टी चिकटवली. चिकटवायच्या आधी दोन्ही बाजू थिनरने पुसल्या, कारण तेच तेल फेव्हिकॉलला पकडू देत नाही. खिळे शोधायला बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक वापरलं, कवाडावरून फिरवलं की जिथे खिळा दडलाय तिथे खेचतं. करवतीखाली खिळा आला तर पातं गेलंच समजा. कडी-कोयंडा काकाजींनी काढू दिला नाही, तो समोरच्या कडेला तसाच आहे, पोरगी त्याला कंपासची पिशवी अडकवते.

कवाड सपाट नव्हतं, चौकटीच्या आत दिल्हे, म्हणजे मधल्या फळ्या, खोल गेलेले, वहीवर लिहायला गेलं की पेन खड्ड्यात. काच तर बाद झालेली. घरातल्या जुन्या कपाटाचा सनमायकावाला पल्ला पडून होता, त्याचे तुकडे दिल्ह्यांच्या मापाने कापून खड्ड्यांत बसवले, खाली पातळ पट्ट्या देऊन चौकटीच्या बरोबर पातळीला आणले. चिकटवले नाहीत, नुसते बसवले, म्हणजे साफ करायला उचलता येतात. मापात प्रत्येक बाजूला अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोकळा ठेवला.

आता पॉलिश. दादाला चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश हवं होतं, चमक येते म्हणून. येते, पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उठतो, आणि परीक्षेच्या दिवसांत चहा-दूध टेबलावर येणारच. पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) महाग आणि स्प्रेशिवाय नीट बसत नाही. शेवटी जवसाचं तेल ठरलं. वहिनी लगेच घाणीवरचं जवस तेल घेऊन आल्या, आपल्याकडे जवस घरोघरी असतंच, चटणीला. पण खायचं कच्चं तेल लाकडावर वाळायला कितीतरी दिवस घेतं, तोपर्यंत चिकट राहतं आणि धूळ धरतं. हार्डवेअरवाल्याकडे डबल बॉइल्ड लिन्सीड, म्हणजे लाकडासाठीचं जवस तेल मिळतं, त्यात लवकर वाळायचे पदार्थ घातलेले असतात, एका हाताला साधारण एक दिवस पुरतो (म्हणूनच ते चटणीत घालायचं नाही, डब्यावर मोठ्ठं लिहून ठेवा). पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, वाळू द्यायचं, परत.

आणि ही गोष्ट कृपया हलक्यात घेऊ नका. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते, गोळ्याच्या आत ती बाहेर जायला जागा नसते, वाढत वाढत धूर आणि मग आग. काडी लागत नाही. आपल्या एप्रिलमध्ये, चाळीसच्या वर पारा असताना, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. दादाने सगळी फडकी पिशवीत कोंबून जिन्याखाली ठेवली होती, रद्दीच्या गठ्ठ्यावर! ती काढून पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवली. उघड्यावर एकेक फडकं पसरून दोरीवर वाळवलं तरी चालतं, पूर्ण कडक झालं की टाकता येतं.

जोडणी करताना एकच गोष्ट पाहिली. अँगलला पाडलेली भोकं गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने लांबट केली आणि स्क्रू वायसरसकट मारले. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, जुलै-ऑगस्टमध्ये फुगतं. स्क्रूने लाकडाला जखडून ठेवलं तर ते कुठेतरी चिरतं. सागवान कमी हलतं, पण हलतं.

कूलरच्या उरलेल्या सामानाचं फार नाही. पंख्याच्या मोटारीत तांब्याचं वायंडिंग होतं म्हणून कबाडीवाल्याने तिला लोखंडापेक्षा चांगला भाव दिला. टाकीत वहिनीला गॅलरीत झेंडू लावायचे होते, भोकं तर आयतीच होती, पण अडीच बाय अडीच फुटाची टाकी फूटभर मातीने भरली तर सव्वासहा घनफूट माती होते, ओली माती घनफुटाला पंचेचाळीस-पन्नास किलो, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास गॅलरीच्या टोकावर. ती टाकी खाली अंगणात गेली, झेंडू तिथेच लागले.

खर्च? वेल्डिंगची मजुरी, जेल, प्रायमर, तेल, पेपर, स्क्रू, मास्क, सगळं मिळून अडीच हजाराच्या आत. पण स्वस्त पडलं असं मी कोणाला सांगणार नाही. जुनं सागवान लकडगंजच्या लाकूडबाजारात घनफुटावर विकलं जातं, दादाने दोन्ही कवाडं तिथे नेली असती तर तयार टेबल घेऊन वर पैसे उरले असते. आणि एका शनिवार-रविवारात तर हे मुळीच झालं नाही, नुसतं रंग काढणं आणि वाळवणं यातच होळी मागे पडून गुढीपाडवा आला. ज्याला खरंच दोन दिवसांत काहीतरी उरकायचं असेल त्याने रंगवलेलं जुनं दार हातात घेऊ नये, बिनरंगाचं लाकूड घ्यावं.

पहिला पावसाळा गेल्यावर मी पाहून आलो. सनमायकाचे दोन तुकडे फुगून घट्ट बसले होते, दिवाळीनंतर आपोआप सैल झाले. मागच्या पट्टीच्या सांध्याजवळ गंजाची एक रेघ दिसली, तिथे घासून परत रेड ऑक्साइड लावला. तेलाचा एक हात दर मार्चला द्यायचा ठरलंय, फडक्यांचा डबा काकाजींनी स्वतःच्या ताब्यात घेतला आहे आणि झाकणावर खडूने "पाणी" लिहून ठेवलंय.